हिल्डाचे चार माग

"दिवस गेलेत का गं तुला?"

नेलीने हे मला गिरणीच्या भर मागखात्यात विचारलं, पाच-सहा मागांच्या पलीकडून, आणि वर स्वतःच्या पोटावरून हात फिरवून दाखवला. आवाज नाही, नुसते ओठ. शेकडो माग एकदम खडखडायला लागले की तिथे घसा फोडून काही उपयोग नसायचा. बायका तोंड भलं मोठं उघडून, भुवया, खांदे, हात सगळे कामाला लावून बोलायच्या आणि समोरची ओठ वाचायची. त्या बोलण्याला त्यांच्यात 'मी-मॉ' म्हणत. मी इंग्रजी शिकले ती अशी, डोळ्यांनी. म्हणून खात्यात मी घडाघडा बोलायची आणि बाहेर भाजीवाल्याने दोन शब्द विचारले की माझी दातखीळ बसायची.

"अगं बाई, नाही!" मी ओठांनीच म्हटलं. "कुणी सांगितलं तुला?"

तिने माझ्या मागांकडे बोट दाखवलं. चारी मागांवर पिवळ्या शेवंतीच्या माळा होत्या. "मग हे काय?"

"पूजा. आमचा सण आहे. आज आम्ही हत्यारांना, यंत्रांना हात जोडतो."

"मागाला हात जोडता?" नेलीचे डोळे कपाळात गेले. "मी तर माझ्या मागांना रोज शिव्या घालते. बरं, ऐक. इथं माग कधी सजवतात ठाऊक आहे का तुला? पोरीचं लग्न ठरलं, नाहीतर पोर व्हायचं असलं, नाहीतर बाई थकून कायमची घरी बसणार असली, तर तिच्या शेवटच्या दिवशी. माग सजला म्हणजे बाई चालली. अख्ख्या खात्याला वाटलंय तू चाललीस."

मला फिस्सकन हसू आलं. आणि आलं तसंच ते थांबलं, कारण माळा मी फक्त माझ्या मागांवर घातल्या नव्हत्या. आधी मी हिल्डाचे चार माग सजवले होते, मग माझे. मला काम शिकवलं तिने. पूजेत गुरूचा मान पहिला, एवढं मला कळत होतं. बाकी काही कळत नव्हतं.

हिल्डाचं लग्न कधीच होऊन गेलं होतं, नवराही कधीच जाऊन पोचला होता, आणि पोर होण्याचं तिचं वय राहिलं नव्हतं. तिच्या मागांवर फुलं म्हणजे त्याचा अर्थ एकच निघत होता.

तर मी शालन हावळ, मूळची इचलकरंजीची. शालनचं शर्ली खात्यातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी करून टाकलं, मला विचारलं पण नाही. आमच्या गावाला लोक महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणायचे. आमचे हे सूतगिरणीत नोकरी लागून लँकेशायरला आले, पाठोपाठ मी आले, आणि बघते तर काय, खरं मँचेस्टर राहिलं लांब, आम्ही आपले ब्रॅकनशॉ नावाच्या एका काळ्याकुट्ट गावात. मग आम्ही त्याला इंग्लंडची इचलकरंजी म्हणायला लागलो. दगडी घरं एकाला एक चिकटून चढावर चढत गेलेली, धुराने काळवंडलेली. खाली कालवा. जिकडे मान वळवावी तिकडे धुराडी. आणि पाऊस असा की धड पडायचाही नाही आणि धड थांबायचाही नाही.

माणसं तोंडाने फार कडू. एखादी गोष्ट जीव टाकण्याइतकी आवडली तर म्हणायची, "वाईट नाही." मी एकदा तापाने पडले तेव्हा दाराशी रोज कुणीतरी सूप ठेवून जायचं. कोण ते आजवर माझ्यापाशी कुणी कबूल केलेलं नाही. उन्हाळ्यात एक आठवडा गाव कुलूप लावून समुद्रावर जायचं. गिरण्या बंद, दुकानं बंद, खाटीकसुद्धा बंद. पहिल्या वर्षी हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, आम्ही दोघं त्या रिकाम्या गावात भुतासारखे हिंडलो. पण त्या आठवड्यात धुराडी थंड होती, म्हणून गावामागच्या हिरव्या टेकड्या मला पहिल्यांदा नीट दिसल्या. अजून दिसतात. आता रोजच दिसतात, कारण धुराडी कुठली राहिलीत? आमच्या गिरणीत हल्ली गालिचे विकतात. मी एकदा गेले होते, पायाखाली एवढं मऊ आणि सगळं गप्प. मला रडूच आलं, दुकानातल्या पोराने खुर्ची दिली.

हिल्डा एन्टविसल बाराव्या वर्षी त्या गिरणीत लागली होती, अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस गिरणी. बुटकी, काटक, केस जाळीत बांधलेले. मी घरचं कोष्ट्याचं पोर, माग मला नवा नव्हता, पण तिचा हात बघून मीच गप्प झाले. धागा तुटायच्या आधी तिचं बोट तिथे गेलेलं असायचं. आणि बोलायला म्हणाल तर अख्ख्या खात्यात तिच्या तोंडाला तोंड नव्हतं. कोपऱ्यातल्या पोरीचं कुणाशी जुळलंय, क्लिफर्डच्या बायकोने त्याला जेवण का दिलं नाही, सगळं हिल्डाकडून कळायचं. क्लिफर्ड म्हणजे आमचा जॉबर, तिथे टॅकलर म्हणत, माग बिघडला की दुरुस्त करणारा. हिल्डा त्याची नक्कल करायची तेव्हा हसून हसून आमचे धागे तुटायचे.

पण गिरणीचं फाटक ओलांडलं की ही बाई बदलायची. हॅट डोळ्यांवर ओढून भराभर घराकडे. रस्त्यात मी दोनदा-तीनदा हाक मारली, "हिल्डा! अहो हिल्डा!" वळून बघितलंसुद्धा नाही. दिवसभर माझ्याशी एवढ्या गप्पा मारणारी बाई रस्त्यात मला ओळख दाखवत नाही, मग मी काय समजायचं? मी समजले ते तुम्हीही समजला असता. चार गोऱ्या माणसांत माझी तिला लाज वाटते. घरी येऊन मी ह्यांना म्हणाले, "असू दे. काम शिकवते ना, तेवढंच आपलं." बोलले, पण आत लागायचं ते लागायचंच.

त्या दिवशी सकाळी धुकं इतकं होतं की हाताला हात दिसेना. मी पहाटेच निघाले होते, पहारेकऱ्याने मला आत सोडलं, आणि बाकीच्या यायच्या आत मी माळा बांधून, हळदीकुंकू लावून मोकळी झाले. धुक्यात सगळ्यांनाच उशीर झाला. हिल्डा आली तेव्हा माग सुरू झालेले होते, आणि नेलीचं-माझं ते बोलणं नुकतंच झालं होतं.

ती तिच्या मागांपाशी आली आणि थांबली. हात पुढे करून तिने एक फूल चाचपलं. मग तिने मान वर केली आणि खात्याकडे बघितलं, आणि खातं तर तिच्याकडेच बघत होतं. बायकांच्या तोंडावर काय होतं? कुतूहल, दुसरं काय. पण तिने ते काय म्हणून वाचलं ते मला तिच्या खांद्यांवरून कळलं. तिने एप्रन सोडला. कात्री आणि धागा ओढायचा हूक त्यात गुंडाळला, पिशवीत टाकला, आणि मान खाली घालून निघाली.

मी हातवारे केले, पाय आपटला. पण ओठ वाचायला माणसाने आधी बघायला हवं. न बघणाऱ्या माणसाला त्या खात्यात थांबवायची सोयच नव्हती. मी धावत सुटणार, तोच नेलीने माझा दंड धरला. ही बाई म्हणजे दोन माणसांचं वजन.

"माग सोडून कुठे चाललीस? जेवणाच्या सुट्टीत जा."

"पण ती गेली, नेली! तिला वाटलं आपण तिला घालवतोय!"

"दिसतंय मला. तोवर तिचे माग आम्ही बघतो."

आणि काय सांगू, एक शब्द न वाढवता आजूबाजूच्या चौघींनी हिल्डाचा एकेक माग आपल्याकडे घेतला. चारांचे पाच झाले, घामाने निथळल्या, पण धोटा थांबू दिला नाही. शेजारणीचे माग सांभाळायचे हा तिथला रिवाजच होता, पण तो पाच मिनिटांसाठी, संडासला जाण्यापुरता. अख्खा दिवस कोण सांभाळतं? थांबू द्यायचे नव्हते त्यालाही कारण होतं. त्या वर्षी गावातल्या गिरण्या एकामागून एक बंद होत होत्या. आमच्या मॅनेजरने नियम काढला होता: बाई गेली की तिच्या जागी बाई घ्यायची नाही, तिचे माग मोडून भंगारात घालायचे. हिल्डाचे चार माग थांबलेले त्याला दिसले असते तर संपलंच.

जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला आणि मी पळाले. हिल्डाचं घर मी बाहेरून पाहिलं होतं. तिथल्या बायका दर आठवड्याला उंबऱ्याची पायरी घासून तिच्या कडेला पांढरट दगडाने रेघ ओढायच्या, रांगोळीच म्हणा ना. हिल्डाची रेघ सगळ्या गल्लीत सरळ. मी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग मुठीने बडवलं. समोरच्या घराचा पडदा हलला. खिडकीतून बघितलं तर हिल्डा आत, माझ्याकडे पाठ करून, हॅट-कोटासकट टेबलाशी बसलेली.

"हिल्डा! मी आहे! शर्ली!" मी काच वाजवली. ती ढिम्म हलली नाही.

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी काय गुन्हा केला होता? मी मागच्या बोळाने गेले, अंगणातलं दार ढकललं आणि तशीच स्वयंपाकघरात घुसले.

आत किटली किंचाळत होती. ती शिट्टीची किटली, पाणी उकळलं की बोंब मारणारी. सगळी खोली वाफेने भरली होती, खिडक्यांवरून पाणी ओघळत होतं. कानांवर हात ठेवावेत असा तो आवाज, आणि हिल्डा हातभर अंतरावर बसून टेबलावरच्या कपाकडे बघत होती.

मी गॅस बंद केला. माझा हात दिसला तेव्हा ती दचकून उभी राहिली.

तिने किटलीकडे पाहिलं, ओघळत्या खिडक्यांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मला काय कळलं ते तिला कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं. आवाज माझा फुटलाच नाही, ओठच हलले. तेवढे तिला पुरले.

"डावा कान लढाईत गेला. म्हणजे लढाईच्या वर्षांत. उजवा राणीला मुकुट घातला त्या वर्षी." ती बोलली आणि मला धक्का बसला, कारण तिचा आवाज मी तोवर कधी ऐकलाच नव्हता. सपाट, खूप मोठा, आपला आवाज आपल्याला न ऐकू येणाऱ्या माणसाचा. "बस. आता आलीच आहेस तर चहा घे."

मी बसले कसली, मला रडू फुटलं. रस्त्यातल्या त्या सगळ्या हाका मला आठवल्या. "मी तुम्हाला हाका मारायची," मी म्हणाले. "मला वाटलं, माझी लाज वाटते तुम्हाला."

"तुझी?" हिल्डाने डोळे बारीक केले. "वेडी आहेस का पोरी? मी रस्त्यात कुणाकडेच बघत नाही. बघितलं तर लोक बोलतात. बोलले तर उत्तर द्यावं लागतं. दिवेलागणीला, हॅटखाली, ओठ दिसत नाहीत. मग माणूस चुकीचं बोलतो आणि लोक हसतात. नको ते."

"मग कुणाला सांगायचं नाही?"

"कुणाला? माझी नणंद बहिरी झाली तेव्हा बायका तिच्याशी कशा बोलायच्या पाहिलंय मी. सावकाश, मोठ्याने, तान्ह्या पोराशी बोलावं तसं. मग हळूहळू बोलायच्याच बंद झाल्या." तिने कप उगाच फिरवला. "खात्यात सगळेच बहिरे, शर्ली. तिथे मी शहाणी आहे. तिथून निघाले की मी एक म्हातारी, जिला किटली ऐकू येत नाही."

मी तिला फुलांचं सांगितलं. खंडेनवमी सांगितली, इचलकरंजीला त्या दिवशी सगळ्या गावाचा खडखडाट कसा थांबतो, मागांना कसं झाडूनपुसून माळा घालतात ते सांगितलं. "आम्ही माग सोडायला नाही सजवत हो. आज हात जोडायचे आणि उद्या पुन्हा कामाला लागायचं, म्हणून सजवतो. तुम्ही मला शिकवलंत, म्हणून तुमचे आधी."

तिने सगळं नीट वाचलं. मग माझ्या हातावर हात ठेवला. "गोड आहेस. तुझ्या मनात वाईट नव्हतं, कळलं मला. पण त्यांची तोंडं पाहिलीस ना? नेलीने माळा काढल्या नाहीत. मागच्या महिन्यात आगीची घंटा झाली, सगळ्या बाहेर पळाल्या आणि मी आपली विणत बसले. क्लिफर्डने येऊन ओढून नेलं. तेव्हापासून माझ्यामागे बोलतायत त्या. वाटच बघतायत. आता निरोप द्यायला मला क्लबात नेतील, भाषणं करतील, मी काही न कळता हसत बसेन, आणि चुकीच्या ठिकाणी टाळ्या वाजवीन. त्यापेक्षा हे बरं. मागच्या दाराने."

"उद्या नाही आलात तर तुमचे माग मोडतील."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? चहा घे नि जा. तुझे माग वाट बघतायत. आणि तोंड बंद ठेव, ऐकलंस?" हे म्हणताना तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तिने ते खिडकीकडे फिरवलं. पाठ फिरवली की तिच्याशी बोलता येत नव्हतं. मी निघाले.

गिरणीत नेलीने विचारलं, "काय झालं?"

"डोकं दुखतंय तिचं."

नेलीने माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोलता येत नाही, ओठांनी तर नाहीच नाही. ती हिल्डाच्या मागाकडे वळली.

दुपारी मॅनेजर खात्यात आला. हिल्डाच्या मागांपाशी थांबला, माळा बघितल्या, आणि क्लिफर्डच्या कानाशी तोंड नेऊन बोलला. या मॅनेजर लोकांना एक गोष्ट कधी कळली नाही. कानाशी बोललं की गुपित राहतं असं त्यांना वाटायचं, आणि इकडे पन्नास बायका त्यांचे ओठ वाचत असायच्या.

"गेली ना म्हातारी? बरं झालं. निरोप-बिरोप कधी केलात?"

"गेली नाही साहेब," क्लिफर्ड म्हणाला. "दाढ काढायला गेलीय. उद्या येईल."

"उद्या भोंग्याला मागांवर नसली तर भंगारवाल्याला बोलावतो. कान गेलेत तिचे, असं ऐकलंय मी. एक दिवस कुठल्यातरी पट्ट्यात हात जाईल आणि निस्तरावं लागेल आपल्याला."

माझ्या हातातला धागा सुटला. मी पटकन सगळ्यांकडे बघितलं. सगळ्यांनीच वाचलं होतं. आता संपलं. हिल्डाने एवढी वर्षं जे झाकून ठेवलं ते ह्या मेल्याने भर खात्यात उघडं केलं, असं मला वाटलं. पण एकीच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं. नेलीने तेवढी मॅनेजरच्या पाठीला जीभ दाखवली आणि कांडी बदलली. मला वाटलं, बहुतेक त्यांना नीट वाचता आलं नसेल.

संध्याकाळी गिरणी सुटल्याचा भोंगा झाला तसं नेलीने एप्रन झटकला. "चला. टोप्या घाला. हिल्डाकडे जायचंय."

"नको!" मी आडवी झाले. "आज नको. ती झोपली असेल. उद्या सकाळी मी जाते की!"

"उद्या सकाळी उशीर होईल," नेली म्हणाली. "बाजूला हो."

त्या सगळ्या निघाल्या, दहा-अकरा जणी, चढावरून, धुक्यात. पायांत लाकडी तळव्याचे बूट, रस्ताभर टकाटका आवाज. मी मागून जवळजवळ रडतच चालले होते. खात्याबाहेर, शांत घरात, इतक्या बायका एकदम बोलायला लागल्या की हिल्डा कुणाकुणाकडे बघणार? दोन मिनिटांत उघडी पडेल बिचारी. जे तिला नको होतं तेच आम्ही तिच्या घरात घेऊन चाललो होतो. आणि मला तर तिने तोंड बंद ठेवायला बजावलेलं.

नेलीने पुढचं दार वाजवलं नाही. सरळ मागच्या बोळाने गेली, दार ढकललं. हिल्डा पाठमोरी, मोरीपाशी कप धूत होती. मी डोळे मिटून घेतले. आता नेली हाक मारणार.

नेलीने हाक मारली नाही. तिने भिंतीवरचं दिव्याचं बटण वर केलं, खाली केलं. दिवा गेला आणि आला.

हिल्डा वळली.

मग नेली पुढे झाली, दिव्याखाली, उजेड तोंडावर पडेल अशी उभी राहिली, आणि तोंड भलं मोठं उघडून बोलायला लागली. आवाज नाही. त्या शांत, छोट्या स्वयंपाकघरात, जिथे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, तिथे नेली खात्यातल्यासारखी बोलत होती.

"तुला जायला सांगितलं कुणी गं? का आपलं मनाला आलं आणि निघाली?"

हिल्डाच्या हातात कप तसाच राहिला.

"तुझे माग दिवसभर आम्ही ओढले," दुसरी म्हणाली. तीही नुसत्या ओठांनी. "कंबर मोडली माझी. तिसरा माग काय खोडकर आहे गं तुझा! त्याला तूच सांभाळ."

"फुलं शर्लीच्या देवाची आहेत," तिसरी. "तिच्या गावाला मागाला फुलं वाहतात आणि दुसऱ्या दिवशी गाढवासारखं राबतात."

"मला पण पुढच्या वर्षी हवीत. हिल्डालाच का म्हणून?"

"आणि तू नसलीस तर क्लिफर्डच्या घरचं आम्हाला कोण सांगणार?"

प्रत्येक बाई बोलायच्या आधी हात हलवत होती, म्हणजे हिल्डाची नजर तिच्याकडे वळेल. एक बोलत असताना दुसरी बोलत नव्हती. कुणी कुणाला शिकवल्यासारखं दिसलं नाही, कुणी कुणाकडे बघून खूण केली नाही. वर्षानुवर्षं सवय असल्यासारख्या बोलत होत्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला एकेक कळत गेलं. त्यांना माहीत होतं. क्लिफर्डला माहीत होतं, आगीच्या घंटेआधीपासून माहीत होतं. सगळ्या खात्याला माहीत होतं, आणि हिल्डाला ते कळू नये म्हणून सगळं खातं जपत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यावर कुणी कधी बोललंच नव्हतं. अशी ही माणसं. यांना "वाईट नाही" यापलीकडे बोलता येत नव्हतं, असं मी म्हणायची.

हिल्डा एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. सगळं वाचत होती, आणि जे कुणी बोलत नव्हतं तेही वाचत होती. मग तिने कप पालथा घातला, हात पुसले, आणि ओठांनी म्हणाली, "तिसरा माग खोडकर नाही. तुझे हात जड आहेत. उद्या भोंग्याआधी येते आणि दाखवते."

"ये, ये," ती कंबर मोडलेली म्हणाली. "बघू."

मग चहा झाला. कप पुरेनात म्हणून वाट्या निघाल्या. क्लिफर्डची दाढेची थाप हिल्डाला सांगितली तेव्हा तिने गाल फुगवून, तोंड धरून अशी काही नक्कल केली की नेली खुर्चीवरून घसरली. पण सगळं मुकाट. अकरा बायका हातवारे करतायत, एकमेकींना ढकलतायत, आणि घरात घड्याळाशिवाय आवाज नाही. मी पण त्यात घुसले. दिवसभरात पहिल्यांदा माझ्या जिवात जीव आला होता.

तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. शेजारीण होती, दुपारी माझा आरडाओरडा ऐकला होता बहुतेक आणि तेव्हापासून काळजीत होती. तिने दार जरासं किलकिलं केलं आणि बाहेरूनच हाक मारली, "हिल्डा? घरात कुणी आहे का?"

आम्ही सगळ्या एकदम फुटलो. खदाखदा, डोळ्यांतून पाणी येईतो, त्या घरात तेवढाच काय तो आवाज झाला. हिल्डा आमच्या तोंडांकडे बघत होती, एकीकडून दुसरीकडे. नुसतं हसून वेळ मारून नेणं तिला जन्मभर जमलं होतं. आताही जमलं असतं.

ती हसली नाही. तिने नेलीची बाही धरली आणि त्या सपाट, मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर विचारलं, "काय झालं? मला ऐकू आलं नाही."



नेलीने डोळे पुसले. ती हिल्डाच्या समोर झाली आणि सावकाश नाही, मोठ्याने नाही, रोजच्यासारखी ओठांनी म्हणाली, "शेजारीण विचारतेय, घरात कुणी आहे का."

हिल्डाने दाराकडे बघितलं. मग एकदा आम्हा सगळ्यांकडे.

"तिला सांग," ती म्हणाली, "आहेत म्हणावं. सगळ्या आहेत."